समितीला वळसा घालून आलेले कायदे

आमच्या टीममध्ये तीन ओळींचा बदल असला, तरी दुसऱ्या दोघांनी वाचल्याशिवाय तो पुढे जात नाही. कोड ज्याने लिहिला त्याला स्वतःच अप्रूव्ह करता येत नाही, बटणच दिसत नाही. सीनियर असो, आर्किटेक्ट असो, उद्या क्लायंटचा डेमो असो. कधी कधी डोकं फिरतं. रात्री साडेदहाला कुणीतरी कॉमेंट टाकतं, ‘हा व्हेरिएबल इथे नल असला तर?’ आपण मनातल्या मनात शिव्या घालतो, मग बघतो तर खरंच नल येऊ शकत असतो. चार-पाच वर्षं हे काम केलं की एवढं पक्कं कळतं, लिहिणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही आणि त्याचा हुशारीशी काही संबंध नसतो.

आता या तारखा बघा. ३ ऑगस्ट २०२३, गुरुवार : डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण विधेयक लोकसभेत मांडलं गेलं. मध्ये शनिवार-रविवार. सोमवारी, ७ तारखेला, लोकसभेत मंजूर. बुधवारी, ९ तारखेला, राज्यसभेत मंजूर. ११ तारखेला राष्ट्रपतींची सही. तुमचा आधार नंबर, तुमचं लोकेशन, तुमचे डॉक्टरचे रिपोर्ट, तुमच्या मुलांचे फोटो यांचं कोणी काय करायचं, हे ठरवणारा देशाचा पहिला कायदा लॉगिन पेजच्या रीडिझाइनपेक्षा कमी दिवसांत प्रॉडक्शनला गेला.

आणि रिव्ह्यू करायला माणसं नव्हती असं नाही. त्यासाठीच बसवलेली एक समिती संसदेत आहे. तिला वगळलं गेलं. माझं भांडण त्या वगळण्याशी आहे.

समितीचं नाव लांबलचक आहे : संचार आणि माहिती तंत्रज्ञान विषयाची संसदीय स्थायी समिती. ३१ सदस्य, २१ लोकसभेचे, १० राज्यसभेचे, सगळ्या पक्षांचे. आपल्या फोनच्या स्क्रीनवर जे काही चालतं ते जवळपास सगळं हिच्या कक्षेत येतं. दूरसंचार खातं, पोस्ट, इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालय आणि माहिती व प्रसारण मंत्रालय. म्हणजे स्पेक्ट्रम, सिमकार्ड, इंटरनेटबंदी, डेटा, तसंच सिनेमाचं सर्टिफिकेट, दूरदर्शन, आकाशवाणी, ओटीटीसुद्धा. (संग्रहालयं, अकादम्या वगैरे ‘संस्कृती’ मात्र वाहतूक आणि पर्यटनाच्या समितीकडे. हे वर्गीकरण कुणाला सुचलं देव जाणे.)

या खातेनिहाय समित्या १९९३ साली सुरू झाल्या. तेव्हा त्या १७ होत्या, २००४ पासून २४ आहेत. कल्पना साधी होती. सभागृहात साडेपाचशे लोक, कॅमेरे, आरडाओरडा. तिथे कलम वाचून होत नाही. तीसेक खासदार एका खोलीत बसले, सचिवाला समोर बसवलं, तज्ज्ञांना बोलावलं, जाहिरात देऊन लोकांकडून निवेदनं मागवली, तर काहीतरी वाचन होईल. आणि होतंही. पण एक मेख आहे. विधेयक समितीकडे पाठवायचं की नाही, याची कुठलीही सक्ती नाही. पाठवतात सभापती किंवा अध्यक्ष, आणि व्यवहारात ते घडतं सरकारची तयारी असली तर. म्हणजे रिव्ह्यू हवा की नको, हे कोड लिहिणाराच ठरवतो.

त्याने काय ठरवलं ते आकड्यांत दिसतं. ‘पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च’ ही संस्था हे मोजते. २००९ ते २०१४ च्या लोकसभेत ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली. त्यापुढच्या लोकसभेत साधारण पाव. २०१९ ते २०२४ मध्ये १६ टक्के.

डेटा विधेयकाची गोष्ट मात्र नुसत्या वगळण्यापेक्षा जास्त विचित्र आहे.

२४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. मुंबईचे न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ मध्ये कायद्याचा मसुदा दिला. २०१९ मध्ये सरकारने आपलं विधेयक आणलं आणि ते या स्थायी समितीकडे न पाठवता वेगळी संयुक्त समिती नेमली. ठीक आहे, तीही समितीच. तिने दोन वर्षं घेतली. डिसेंबर २०२१ मध्ये अहवाल आला, ८१ दुरुस्त्या सुचवल्या. सरकारी यंत्रणांना कायद्यातून सूट देणाऱ्या कलमावर जयराम रमेश, मनीष तिवारी यांच्यासारख्या सदस्यांनी असहमतीच्या टिपण्या जोडल्या. त्या आजही कुणालाही वाचता येतात. ऑगस्ट २०२२ मध्ये सरकारने ते विधेयकच मागे घेतलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये नवा मसुदा, लोकांकडून सूचना. त्या सूचना काय आल्या, कुणी काय म्हटलं, कुठल्या कंपनीने काय मागितलं, हे मंत्रालयाने जाहीर केलं नाही.

आणि मग जुलै २०२३. स्थायी समितीचे अध्यक्ष तेव्हा आपल्या बुलढाण्याचे खासदार प्रतापराव जाधव होते. २६ जुलैला समितीने नागरिकांच्या डेटाची सुरक्षा आणि खासगीपणा या विषयावरचा अहवाल स्वीकारला आणि १ ऑगस्टला संसदेत मांडला. विधेयक अजून संसदेत आलेलंच नव्हतं. समितीकडे ते कुणी पाठवलेलंही नव्हतं. येणाऱ्या विधेयकाला असं आधीच प्रमाणपत्र देणं नियमात बसत नाही, असं म्हणत विरोधी सदस्य बैठकीतून उठून गेले. दोन दिवसांनी विधेयक मांडलं गेलं. आमच्याकडे याला म्हणतात, पुल रिक्वेस्ट उघडायच्या आधीच ‘एलजीटीएम’. लुक्स गुड टु मी. काय चांगलं दिसलं ते विचारू नका, अजून काही दिसलेलंच नाही.

इथे कुणी म्हणेल, तज्ज्ञांनी लिहिलेला कायदा, समितीतल्या खासदारांना डेटाबेसमधलं काय कळतं? मला हा युक्तिवाद ऐकला की हसू येतं, कारण माझ्या कामाचा भाग म्हणून मी तो कायदा कलम कलम वाचला आहे. उदाहरण म्हणून एकच कलम घ्या, नववं. १८ वर्षांखालच्या मुलाचा डेटा घ्यायचा तर पालकाची ‘पडताळता येईल अशी’ संमती हवी. वाचायला किती छान! आता हे बांधायला बसा. समोरचा माणूस मूल आहे की मोठा, हे कळायला आधी सगळ्यांचंच वय तपासावं लागणार. पालक हा खरंच पालक आहे, हे कळायला त्याचं ओळखपत्र लागणार. म्हणजे डेटा कमी गोळा व्हावा म्हणून आलेल्या कायद्यामुळे मला तुमच्याकडून जास्त डेटा मागावा लागेल. आणि ज्या घरात एकच फोन आहे, आईच्या नंबरवर मुलगी अकरावीच्या क्लासचे व्हिडिओ बघते, तिथे कोण कुणाला संमती देणार? आश्रमशाळेतल्या, आजीकडे वाढणाऱ्या मुलांचं काय? हा प्रश्न सुचायला आयआयटी लागत नाही. एखाद्या खासदाराच्या मतदारसंघातल्या मुख्याध्यापिकेला समितीसमोर दहा मिनिटं बोलू दिलं असतं, तर तिने पहिल्या मिनिटात तो विचारला असता. खासदाराला डेटाबेस कळायची गरज नाही. त्याने ज्यांना कळतं आणि ज्यांना सोसावं लागतं, अशा दोघांना एका टेबलावर बसवायचं असतं.

याच कायद्यात आणखी दोन गोष्टी आहेत, ज्या तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक नसतील. एक म्हणजे, केंद्र सरकार अधिसूचना काढून आपल्या कुठल्याही यंत्रणेला या कायद्यातून बाहेर काढू शकतं, देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी. आणि दुसरी, नागरिकाचीही ‘कर्तव्यं’ आहेत, खोटी किंवा फालतू तक्रार केली तर १० हजार रुपयांपर्यंत दंड. फालतू म्हणजे काय? ते तक्रार केल्यावर कळेल.

पण मला सगळ्यात जास्त सलतं ते कलम ४४, पोटकलम ३. दोन ओळींचं. ते डेटाबद्दल नाहीच, ते माहिती अधिकार कायद्यात हात घालतं. जुन्या कलम ८(१)(ञ) मध्ये कुणाची वैयक्तिक माहिती देता येणार नाही असं होतं, पण तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नसेल तर, आणि मोठं सार्वजनिक हित असेल तर ती देता येई. हे ‘पण’ काढून टाकलं. आता फक्त एवढंच उरलंय की वैयक्तिक माहिती असेल तर नाही. सरकार म्हणतं, कलम ८(२) शिल्लक आहे, सार्वजनिक हिताची वाट तिथून मोकळी आहे. कागदावर खरं आहे. तालुक्याच्या माहिती अधिकाऱ्यासमोर अर्ज घेऊन जो कधी उभा राहिला आहे त्याला विचारा, नकार देण्याचं सोपं कारण हातात असताना कोण ८(२) उघडून बसतो. घरकुलाची यादी वैयक्तिक. हजेरीपट वैयक्तिक. कंत्राटदाराचं नाव वैयक्तिक. केंद्राचा माहिती अधिकार कायदा २००५ चा, पण महाराष्ट्राने त्याआधीच आपला कायदा केला होता आणि त्यासाठी अण्णा हजारेंनी उपोषणं केली होती. ज्या राज्यात हा हक्क असा मिळवला गेला, तिथल्या एकाही माहिती अधिकार कार्यकर्त्याला त्या दोन ओळींबद्दल संसदेच्या समितीसमोर बोलायची संधी मिळाली नाही. मुख्य फीचरच्या कमिटमध्ये भलत्याच मॉड्यूलचा बदल सरकवून द्यायचा, हा प्रकार आमच्याकडे कुणी केला तर त्याला निदान कारण तरी विचारतात.

घाई होती, हे कारण तर देऊच नका. सहा दिवसांत मंजूर झालेल्या या कायद्याचे नियम कधी आले? नोव्हेंबर २०२५ मध्ये. सव्वादोन वर्षांनी. कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्याच्याही दीड वर्षानंतर. माहिती अधिकाराला कात्री लावणारं कलम मात्र नियम आले त्याच दिवसापासून लागू. समितीला तीन महिने द्यायला वेळ नव्हता आणि नंतर २७ महिने वेळच वेळ होता.

समितीकडे विधेयक गेलं की नेमकं काय बदलतं, याचं उदाहरण याच समितीचं आहे, आणि ते सिनेमाचं आहे. २०१९ मध्ये सरकारने चित्रपट कायद्यात पायरसीसाठी छोटी दुरुस्ती आणली. थिएटरात बसून सिनेमा रेकॉर्ड केला तर तीन वर्षांपर्यंत कैद, १० लाखांपर्यंत दंड. ती समितीकडे गेली. समितीने मार्च २०२० च्या अहवालात म्हटलं की, बाबांनो, किमान शिक्षा लिहा, आणि शंभर कोटींच्या सिनेमाला १० लाखांचा दंड म्हणजे काहीच नाही, तो निर्मितीखर्चाच्या टक्क्यात मोजा. आणि एखाद्या समीक्षकाने, विद्यार्थ्याने दोन मिनिटांचा तुकडा वापरला तर त्याला पायरेट समजू नका, योग्य वापराची सोय ठेवा. २०२३ च्या कायद्यात किमान शिक्षा आली, दंड निर्मितीखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत गेला, योग्य वापराचा अपवादही आला. तुम्ही यूट्यूबवर सिनेमाची चिरफाड करणारे व्हिडिओ बघत असाल, बनवत असाल, तर त्या खोलीतल्या कंटाळवाण्या बैठकांनी तुमचं थोडं भलं केलं आहे. कुणी तुम्हाला सांगितलं नसेल.

दुसरं उदाहरण उलटं आहे. समितीने चांगलं काम केलं आणि सरकारने ते फायलीत घातलं. शशी थरूर अध्यक्ष असताना, १ डिसेंबर २०२१ ला समितीने इंटरनेटबंदीवर अहवाल दिला. मागे काश्मीरची बंदी होती. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथलं इंटरनेट बंद झालं, जानेवारी २०२० मध्ये टूजी परत आलं आणि फोरजी थेट फेब्रुवारी २०२१ मध्ये. मधल्या काळात लॉकडाउन होता, आपण सगळे झूमवर होतो. समितीने दूरसंचार खात्याला आणि गृह मंत्रालयाला साधा प्रश्न विचारला : देशात आजवर किती वेळा, कुठे, किती दिवस इंटरनेट बंद केलं? दोघांकडेही नोंद नव्हती. पुन्हा वाचा. सर्व्हर पाच मिनिटं डाउन झाला तर आम्हाला रूट कॉज लिहून द्यावा लागतो. इथे जिल्हेच्या जिल्हे डाउन करतात आणि लॉगच ठेवत नाहीत. समितीने म्हटलं, नोंद ठेवा, बंदीने खरंच हिंसा थांबते का याचा अभ्यास करा, ‘सार्वजनिक आणीबाणी’ म्हणजे काय याची व्याख्या करा, आदेश तपासणाऱ्या मंडळात फक्त सरकारी सचिव नकोत, बाहेरची माणसंही घ्या. दूरसंचार कंपन्यांचं नुकसान एका सर्कलमागे तासाला सुमारे २.४५ कोटी रुपये, हा आकडाही त्याच अहवालात आहे. भाजीवाल्याच्या क्यूआर कोडचं नुकसान कुणी मोजत नाही.

सरकारचं उत्तर आलं की पोलीस आणि सुव्यवस्था हे राज्यांचे विषय आहेत. २०२३ च्या फेब्रुवारीत समितीने या उत्तरावर लेखी नाराजी नोंदवली. तेव्हा अध्यक्ष थरूर नव्हते, सत्ताधारी आघाडीतले प्रतापराव जाधवच होते. हे मला महत्त्वाचं वाटतं. बंद खोलीत, कागद समोर असताना, सत्ताधारी बाजूचा अध्यक्षही तीच मागणी पुन्हा करतो. जुलैमधल्या प्रकाराबद्दल जाधवांना मी वर बोल लावला, तेव्हा याचं श्रेयही द्यायला हवं.

त्यानंतर काय झालं ते आपण घरीच पाहिलं. जून २०२३ मध्ये व्हॉट्सअॅप स्टेटसवरून पेटलेल्या कोल्हापुरात इंटरनेट बंद. त्याच वर्षी मराठा आरक्षणाच्या आंदोलनात बीडमध्ये बंद, जालन्यात बंद. डिसेंबर २०२३ मध्ये १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याच्या जागी नवा दूरसंचार कायदा आला, ज्याच्या कलम २० मध्ये इंटरनेट बंद करायचा अधिकार आहे. इंग्रजांचा १३८ वर्षं जुना कायदा बदलायचा, समितीचा नुकताच केलेला अभ्यास कपाटात तयार. विधेयक १८ डिसेंबरला मांडलं, २० ला लोकसभेत मंजूर, २१ ला राज्यसभेत. त्या आठवड्यात विरोधी पक्षांचे १४० पेक्षा जास्त खासदार निलंबित होते. समितीकडे? अर्थातच नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये बंदीचे नवे नियम आले आणि तपासणाऱ्या मंडळात अजूनही फक्त सचिवच आहेत. आदेश देणारे अधिकारी, तो बरोबर आहे का हे बघणारेही अधिकारी.

आणि नियमांची तर वेगळीच गंमत. एप्रिल २०२३ मध्ये सरकारने आयटी नियमांत बदल करून स्वतःबद्दलच्या बातम्या खोट्या आहेत की खऱ्या हे ठरवणारी स्वतःचीच ‘फॅक्ट चेक’ यंत्रणा आणली. तो कायदा नव्हता, नियम होता, त्यामुळे विधेयक म्हणून समितीत जायचा प्रश्नच आला नाही. तो अडला कुठे? मुंबई उच्च न्यायालयात. कुणाल कामरा आणि इतरांच्या याचिकेवर दोन न्यायमूर्तींची मतं फुटली, तिसऱ्यांकडे गेलं आणि २० सप्टेंबर २०२४ ला नियम रद्द झाला. दीड वर्ष. जो प्रश्न समितीच्या खोलीत एका दुपारी विचारता आला असता, त्यासाठी एका स्टँडअप कॉमेडियनला कोर्टाची पायरी चढावी लागली.

समिती म्हणजे संतांची दिंडी आहे असं माझं म्हणणं नाही. तिथेही पक्ष असतात. २८ जुलै २०२१ ला पेगॅसस प्रकरण चाललेलं असताना समितीची बैठक होती. मंत्रालयांचे अधिकारी आलेच नाहीत. भाजपचे सदस्य आले, खोलीत बसले, पण हजेरीच्या वहीत सही केली नाही. एक तृतीयांश गणसंख्या भरली नाही, बैठक झाली नाही. कॉलेजात आपण हजेरी लावून वर्गाबाहेर पडायचो. इथे वर्गात बसून हजेरी लावायची नाही!

अलीकडे तर समितीला प्रसिद्धीची चटकही लागली आहे. जानेवारी २०२५ मध्ये मार्क झुकरबर्ग एका पॉडकास्टमध्ये भारताच्या २०२४ च्या निवडणुकीबद्दल चुकीचं बोलला. समितीचे अध्यक्ष निशिकांत दुबे यांनी मेटाला बोलावणार असं जाहीर केलं, मेटाच्या भारतातल्या अधिकाऱ्याने माफी मागितली, विषय संपला. पुढच्या महिन्यात एका यूट्यूबरच्या घाणेरड्या विनोदावरून मंत्रालयाला पत्र. टीव्हीवर दोन्ही दिवस छान गेले. मेटा आपल्या डेटाचं काय करतं, मराठीतल्या द्वेषाच्या पोस्ट तपासायला त्यांच्याकडे किती माणसं आहेत, हे प्रश्न त्या माफीबरोबर विरघळून गेले.

असं का होतं? माझ्या मते मुख्य कारण बंद दार. समितीची बैठक गुप्त असते. साक्ष दाखवत नाहीत, पत्रकारांना आत सोडत नाहीत. अहवाल येतो तेव्हा बातमी शिळी झालेली असते. मग सदस्याने आत अभ्यासपूर्ण प्रश्न विचारला काय, झोप काढली काय, मतदाराला दोन्ही सारखंच. बाहेर येऊन कॅमेऱ्यापुढे बोललेलं तेवढं दिसतं. म्हणून बाहेरच बोलतात.

ब्रिटनमध्ये याच विषयांची समिती आहे, संस्कृती, माध्यमं आणि क्रीडा यांची. २०११ मध्ये फोन हॅकिंग प्रकरणात तिने रुपर्ट मरडॉकला समोर बसवलं. अख्ख्या जगाने ते लाइव्ह पाहिलं. (शेव्हिंग फोमची बशी घेऊन एक माणूस मरडॉकवर धावून गेला, तेही पाहिलं.) २०१८ मध्ये केंब्रिज अॅनालिटिकाच्या वेळी समितीने झुकरबर्गला बोलावलं, तो आला नाही. तर २७ नोव्हेंबरला नऊ देशांच्या लोकप्रतिनिधींना एकत्र बसवून त्याच्या नावाची पाटी लावलेली रिकामी खुर्ची कॅमेऱ्यापुढे ठेवली. त्या नऊ देशांत भारत नव्हता, जरी फेसबुकचे सगळ्यात जास्त वापरकर्ते आपल्याच देशात. त्या समितीचे अध्यक्ष डेमियन कॉलिन्स सत्ताधारी पक्षाचेच होते. पण तिथे २०१० पासून बहुतेक समित्यांचे अध्यक्ष सभागृह गुप्त मतदानाने निवडतं, त्यामुळे सरकारचा रोष पत्करला तरी खुर्ची जात नाही. आपल्याकडे समितीच दरवर्षी नव्याने बनते. विषय समजेपर्यंत वर्ष संपतं. सचिव मात्र साक्ष देऊन देऊन तयार झालेले असतात.

ब्रिटनमध्ये सगळं आलबेल आहे असं नाही, आणि कॅमेरा आला की खासदार नाटकं करतील हा आक्षेपही खरा आहे. करतील. पण नाटक तर आताही सुरूच आहे, फक्त गेटबाहेर. देशाच्या सुरक्षेचा विषय असेल तर दार लावून घ्या, कुणाची ना नाही. पालकांच्या संमतीच्या कलमात सुरक्षेचं काय आहे?

म्हणून माझी मागणी अशी की विधेयक समितीकडे जाणं हाच नियम असावा. न पाठवायचं तर सरकारने सभागृहात लेखी कारण द्यावं आणि त्यावर मत व्हावं. साक्षी दाखवा. समितीची मुदत लोकसभेइतकी करा. शिफारस फेटाळायची तर मंत्र्याने स्वतः उभं राहून का ते सांगावं, अवर सचिवाच्या एका ओळीच्या उत्तराने भागवू नये. आणि हे सगळं मराठीत यावं. आज अहवाल हिंदी आणि इंग्रजीत येतात. ‘डेटा फिड्युशियरी’ हा शब्द इंग्रजीत कळत नाही आणि सरकारी हिंदीत तर त्याहून कळत नाही. लातूरची अंगणवाडी सेविका, जिच्या फोनमधल्या पोषण अॅपमध्ये गावातल्या सगळ्या बाळांचा डेटा आहे, तिने निवेदन कुठल्या भाषेत पाठवायचं?

महाराष्ट्राचे लोकसभेत ४८ आणि राज्यसभेत १९ खासदार आहेत. मंत्री सोडले तर बहुतेक सगळे कुठल्या ना कुठल्या स्थायी समितीवर असतात. कोण कुठल्या समितीवर, हे संसदेच्या साइटवर आहे. आणि एक गोष्ट फारच कमी लोकांना माहीत असते. प्रत्येक अहवालाच्या शेवटी त्या विषयावरच्या बैठकांचं इतिवृत्त जोडलेलं असतं, आणि त्यात कोण हजर होतं त्यांची नावं असतात. पीडीएफ आहे, कंट्रोल-एफ चालतं. मी माझ्या खासदाराचं नाव टाकून शोधलं. काय सापडलं ते त्यांनाच ईमेलने कळवलं आहे, उत्तर अजून आलेलं नाही. तुम्ही तुमच्या खासदाराचं शोधा.